निळी आणि काळी

९ जानेवारी

ताई,

हे अक्षर तुमच्या ओळखीचं नाही, म्हणजे आधी तुम्ही खाली सही शोधाल. तिथं 'ठिणगी' असं दिसेल. साइटवर मला सगळे त्याच नावानं हाक मारतात. तुमच्या बाबांच्या हाताखाली वायरिंगचं काम करते ती मी.

तुम्ही मला एकदा पाहिलंय. बाबांचा मीटर साइटवर राहिला होता, तो द्यायला मी घरी आले होते. दार तुम्ही उघडलंत. कमरेची पक्कड बघितलीत, मग माझं तोंड बघितलंत, आणि आत वळून म्हणालात, "हीच का ती?" पुढं थोड्याच दिवसांत तुम्ही घर सोडलंत, हे मला तुमच्या आत्यांकडून कळलं. पत्ताही त्यांनीच दिला. म्हणाल्या, फोन ती उचलणार नाही, पत्र कदाचित वाचेल.

तुमचा राग मला माहीत आहे. तुम्हाला हे काम शिकायचं होतं. बाबांनी तुम्हाला पेचकसाला हात लावू दिला नाही, आणि साइटवर वाळू चाळायला आलेल्या एका परक्या बाईला मात्र हाताला धरून सगळं शिकवलं. तुमच्या जागी मी असते तर मीही दार आपटून गेले असते. पण मी माफी मागायला लिहीत नाही, ताई. मी तुमचं काही चोरलेलं नाही. जे मिळालं ते घाम गाळून मिळवलंय, आणि ते मिरवायची मला जरासुद्धा लाज वाटत नाही.

सध्या आमच्याकडं एका शाळेचं काम आहे. चार मजले, वर सभागृह. स्लॅब ओतायच्या आधी सळयांच्या जाळीवर चवड्यांवर चालत आम्ही पाइप टाकले. ते काम एकदाच करता येतं. काँक्रीट पडलं की पाइप गेला पोटात. तो कुठं चेपला, कुठं सांध्यातून सुटला, तर पुढं भिंत फोडण्यावाचून इलाज नाही. काँक्रीट ओतत होते तेव्हा मी पूर्ण वेळ मजुरांच्या पायांत घोटाळत होते, "इथं पाय नको, तिथं फावडं नको" करत. मुकादम वैतागून म्हणाला, "ठिणगे, आत काय तुझं बाळ झोपलंय का?" मी म्हटलं, "हो, आणि एक नाही, शंभर झोपलीत."

आता वायर ओढणं चालू आहे. एकही पाइप तुंबलेला निघाला नाही. एकही नाही! सभागृहाचा सगळ्यात लांबचा पाइप मी धरला होता. एका टोकाला मी वायर सोडतेय, दुसऱ्या टोकाला बाबा ओढतायत, मध्ये आख्खं सभागृह, आणि आम्ही एकमेकांना दिसतसुद्धा नाही. पण ओढ हाताला कळते. ते थांबले की मी थांबते. वायर दुसऱ्या टोकाला लोण्यातून यावी तशी बाहेर आली. बाबांनी फक्त घसा खाकरला. त्यांचं खाकरणं म्हणजे शाबासकी, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बाबा बरे आहेत. थोडे थकलेत, एवढंच.

तुमचं उत्तर आलं नाही तरी मी परत लिहीन.

ठिणगी


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, पण मागच्या पत्रात शेवटी 'एवढंच' लिहिलं होतं ते खरं नव्हतं.

बाबांना दिसत नाही. म्हणजे आंधळे झाले नाहीत, चालतात, वाचतात, मला लांबून ओळखतात. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि रंग गेलेत. लाल कळतो, पिवळा कळतो. निळा आणि काळा त्यांना एकच दिसतात.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी म्हटलं असतं, दिसू देत, काय बिघडलं? पण आमच्याकडं लाल, पिवळी आणि निळी या तीन चालू वायरी, आणि काळी परतीची, न्यूट्रल. निळी आणि काळी यांची अदलाबदल झाली, तर वर्गातल्या पंख्याला विजेचा जेवढा दाब हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट मिळतो. पंखा जळेल, दिवे फुटतील, आणि त्या वेळी कुणाचा हात कुठं असेल ते सांगता येत नाही.

दुसऱ्या मजल्याचा बोर्ड त्यांनी जोडला होता. पुरवठा द्यायच्या आधी प्रत्येक बोर्ड तपासायचा असतो. मी झाकण उघडलं आणि न्यूट्रलच्या पट्टीवर मला निळी वायर दिसली. किती नीट जोडलेली होती म्हणून सांगू! टोकावरचा तांब्याचा लग घट्ट दाबलेला, वायरीचं वळण एकसारखं, स्क्रू कसलेला. फक्त वायर चुकीची. मला आधी वाटलं, माझेच डोळे फिरले.

मी ती बदलली आणि त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. ते म्हणाले, "हल्ली कंपन्या रंगात भेसळ करतात. पूर्वीची निळी कशी निळी असायची." मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात तसं ऑपरेशन करून घ्या." तर म्हणे, "डॉक्टर काय वायर रंगवून देणार आहे?"

मग मी एक युक्ती केली. त्यांच्या वाट्याच्या प्रत्येक काळ्या वायरीच्या टोकाला चिकटपट्टीचा जाड वेढा दिला. डोळ्यांना नाही तर बोटांना तरी कळेल. तिसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या सोलून त्यांनी माझ्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाले, "मला चाचपडायला लावतेस? तुझ्या हातात पहिला टेस्टर कुणी दिला?"

तेव्हापासून आमच्यात जेमतेम बोलणं आहे. मी त्यांच्या मागोमाग फिरून बोर्ड बघते आणि ते मला मागोमाग फिरताना बघतात. असं कसं चालायचं?

मी परकी आहे. माझं ऐकण्यात त्यांचा मान जातो. तुमचं ऐकतील की नाही माहीत नाही, पण ऐकलं तर तुमचंच ऐकतील.

ठिणगी


२१ फेब्रुवारी

ताई,

जे व्हायला नको होतं ते झालं. कुणी दगावलं नाही, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

तिसऱ्या मजल्यावर फरशीवाले आले होते. त्यांना कटर चालवायला वीज हवी होती. तिथला बोर्ड बाबांनी आदल्या दिवशी जोडला होता, माझी तपासणी व्हायची होती. मी तळमजल्यावर मोठ्या पॅनेलमध्ये डोकं घालून बसले होते. मुकादमानं घाईघाईत, कुणाला न विचारता, त्या बोर्डाला तात्पुरता पुरवठा दिला. फरशीवाल्यानं कटर लावला. कटर किंचाळला, म्हणजे मला खालपर्यंत ऐकू आला, आणि त्याच्या हातातच पेटला. त्यानं तो फेकला म्हणून वाचला. तळहात भाजलाय. महिनाभर तरी काम करू शकणार नाही.

मी धावत वर गेले, पुरवठा तोडला. सगळे गोळा झाले. इंजिनीअर बाई आल्या. तरुण आहेत, पण डोकं शांत. त्यांनी आधी फरशीवाल्याला दवाखान्यात पाठवलं, मुकादमाला दोन शब्द सुनावले, आणि मग विचारलं, "हा बोर्ड कुणी जोडला?"

कुणीतरी मागून म्हणालं, "बाईमाणसाला बोर्ड दिले की असंच होणार." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. ताई, बाबांचं नाव घ्यायला माझी जीभ वळेना, आणि खोटं माझं नाव घ्यायला त्याहून नाही. माझ्या हातचा बोर्ड असा कधी निघालेला नाही, मग हा माझा असं मी का म्हणू?

बाबा जिन्यात उभे होते. गर्दीतून वाट काढत पुढं आले. उघड्या बोर्डासमोर उभे राहिले, वायरीला नाक लागेल इतके जवळ गेले. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा बोर्ड माझ्या हातचा आहे. हिनं मला डोळ्यांचं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मघाशी मागून बोललेला माणूस दिसेनासा झाला.

इंजिनीअर बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. म्हणाल्या, "काका, या इमारतीत सगळ्यात जास्त तुम्हाला कळतं. पण डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत वायरीला हात लावायचा नाही. पुढचं काम ठिणगी बघेल." ते म्हणाले, "बरोबर आहे." एवढंच. हत्यारांची पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि जिना उतरून गेले. भिंतीला हात लावून उतरत होते. तोवर मी त्यांना असं उतरताना कधी पाहिलं नव्हतं.

मला आजवर कुणाचा इतका अभिमान वाटला नाही. आणि इतकं वाईटही वाटलं नाही.

त्यानंतर ते घरात बसून आहेत. मी रोज संध्याकाळी जाते. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलतात. काल म्हणाले, "जे जोडायचं ते जोडून झालं. आता बघायचं काय राहिलंय?"

काय राहिलंय ते मला माहीत आहे, आणि ते मी त्यांना सांगून उपयोग नाही.

ठिणगी


११ मार्च

ताई,

तुमचं पत्र आलं! पाकीट हातात घेऊन मी साइटवर अशी फिरत होते की चहावाल्यानं विचारलं, "लग्न ठरलं की काय?"

मग वाचलं, आणि पायरीवर बसलेच. तुम्ही मोटरी बांधता! इतकी वर्षं मला वाटत होतं, ताई कुठंतरी टेबलाशी बसून काम करत असतील. तुम्ही लिहिता, "पहिली दोन वर्षं मला फक्त जळालेली तार उपसायला दिली. आता मोठ्या पंपाची मोटर आली की मालक दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही." हे वाक्य मी चार वेळा वाचलं. एकेका खाचेत मोजून तांब्याची तार भरायची, एक वेढा कमी-जास्त झाला तर मोटर तापणार. बाई गं! मला वायर ओढायला आख्खं सभागृह लागतं, आणि तुमचं सगळं काम एका भांड्यात मावेल एवढ्या जागेत. मला ते जमणार नाही, हे मोकळ्या मनानं सांगते.

"त्यांना यातलं काही कळता कामा नये," असं तुम्ही बजावलंय. नाही सांगणार. काल त्यांच्यासमोर बसले होते तेव्हा शब्द अगदी ओठांवर आले होते. पाणी प्यायले आणि गप्प बसले.

पण तुम्ही पुढं लिहिलंत, "ज्यांना माझे हात नको होते त्यांना आता माझं येणं कशाला हवं?" यावर मात्र मी गप्प बसणार नाही. ते तुम्हाला बोलावत नाहीयेत. मी बोलावतेय. त्यांच्या मनातलं काय ते मला माहीत नाही, आणि त्यांना माफ करा असंही मी म्हणणार नाही. तो तुमचा हिशोब. पण मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतात, उशीर केला तर अवघड होईल. या माणसाला दिसलं पाहिजे, ताई. भांडायचं असेल तर दिसणाऱ्या माणसाशी भांडा, त्यात मजा आहे.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी वेळ दिलीय. बाबांना न विचारता मी नाव नोंदवून आलेय. ओरडतील तेव्हा ओरडतील.

ठिणगी


२९ एप्रिल

ताई,

आता तुला 'अगं' लिहायचं कबूल केलंय, पण हात अडखळतोय. सवय होईल.

तू बसमध्ये बसलीस आणि इकडं काय काय झालं, ते तुला कळायलाच हवं.

पण त्याआधी एक जुनी गोष्ट. जुनी म्हणजे दवाखान्यातली. तू आलीस, दारातच म्हणालीस, "उठा, डॉक्टर वाट बघतायत," आणि मी महिनाभर विनवण्या केल्या तो माणूस मुकाट्यानं चपला शोधायला लागला. ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी होती, तू त्यांचा हात धरला होतास, आणि ते एकदम म्हणाले, "तारेवरच्या वार्निशचा वास येतोय." तू हात मागं घ्यायला गेलीस. त्यांनी सोडला नाही. तुझ्या बोटांची टोकं एकेक करून दाबून बघितली. "मोटरी बांधतेस?" तू म्हणालीस, "हो." मी उठून चहा आणायला गेले, खरं तर माझा चहा झालेला होता.

तू औषधं आणायला गेलीस तेव्हा मी त्यांना विचारलं. तुला ते विचारायचं नव्हतं, पण मला विचारायचं होतं. म्हटलं, "तिला नाही शिकवलंत, मग मला का?"

ते म्हणाले, "माझ्याबरोबरचा एक जण विजेच्या खांबावर शॉक लागून चिकटला होता. मी खाली उभा होतो. त्यानंतर घरात ही दिव्याखाली उभी राहिली तरी मला धडकी भरायची. तुझ्याबद्दल तसं वाटायचं नाही."

मला टोचलं, ताई. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "म्हणजे मी चिकटले असते तर चाललं असतं?"

"नसतं चाललं," ते म्हणाले. "पण ते मला तुला शिकवल्यावर कळलं. तोवर ती गेली होती."

हे तुला सांगावं की नाही यावर मी पुष्कळ विचार केला. त्यांनी सांगू नको म्हटलं नाही, तेव्हा सांगितलं. तुला यातलं काय घ्यायचं ते घे.

आता परवाचं. शाळेला कायमचा पुरवठा द्यायचा दिवस होता. तपासण्या सगळ्या मी केल्या होत्या: प्रत्येक मजला, प्रत्येक बोर्ड, अर्थिंगचे खड्डे, सगळं. मोठं पॅनेल माझ्या हातचं. एकदा येऊन बघ, बाकी काही नको. वायरी अशा एकीला एक लागून वळल्यात की इंजिनीअर बाईंनी झाकण लावायच्या आधी फोटो काढला.

बाबा आले. पांढरा शर्ट, काळा चष्मा, नवरदेवासारखे. सरळ पॅनेलपाशी गेले, चष्मा वर केला आणि बघत राहिले. मला वाटलं, काहीतरी चुकलेलं दिसलं. ते म्हणाले, "अगं, हा निळा केवढा निळा आहे!"

मग मुख्य स्विच. इंजिनीअर बाईंनी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही टाका." ते दोन पावलं मागं सरले. "जिनं जोडलं तिनं टाकायचा." मी हात पुसले, एका बाजूला उभी राहिले, तोंड वळवलं, तुझ्या बाबांनीच शिकवलंय तसं, आणि खटका वर केला. काही नाही, गं. नुसती एक घरघर. मग एकेक करून मजले चालू केले. तळमजला. पहिला. दुसरा. तिसऱ्याला बाबांनी श्वास धरला होता, ते मला ऐकू आलं. तिसरा लागला. चौथा. सभागृहाचे सगळे दिवे एकदम लागले आणि फरशीवाल्यानं, हो, तोच, त्याचा हात बरा झालाय, शिट्टी मारली.

आणि मग तुझ्या बाबांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ते कुणाशी आपणहून बोलत नाहीत, तुला माहीतच आहे. पण त्या दिवशी जो समोर येईल त्याला थांबवत होते. इंजिनीअर बाईंना सांगितलं, "माझी मुलगी मोटरी बांधते." रंगाऱ्याला सांगितलं. सुताराला सांगितलं. चहावाल्याला दोनदा सांगितलं. फाटकावरचा राखणदार म्हणाला, "दुरुस्त करते?" तर त्याच्यावर खेकसले, "दुरुस्त नाही, बांधते! आख्खी! नव्यानं!"

काल साइटवरची जुनी पाण्याची मोटर जळाली. मुकादम म्हणाला, कोपऱ्यावरचा माणूस उद्या बांधून देईल. बाबांनी ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. म्हणाले, "ही तिकडं जाईल." मुकादमानं कपाळावर हात मारला: जायला एक दिवस, यायला एक दिवस, तोवर झाडांना पाणी कोण घालणार? बाबा म्हणाले, "मी घालीन. बादलीनं."

तर या पत्राबरोबर ट्रकवाल्याकडं पोत्यात बांधलेली एक मोटर येतेय. गाठी त्यांनीच मारल्यात, सुटणार नाहीत, सरळ काप. आणि ती झाली की ट्रकवाल्याकडं परत देऊ नकोस. मी त्यांना विचारलं होतं, "परत कशी मागवायची?" तर म्हणाले, "मागवायची कशाला? ज्यानं मोटर बांधली त्यानं स्वतः येऊन ती फिरवून दाखवायची, हा साइटचा नियम आहे."

मी इतक्या साइटींवर काम केलंय, ताई, असा नियम कुठंच नाही. त्यांनी तो काल दुपारी, बादली भरता भरता केला.

तुझी,
ठिणगी